राखेच्या ढिगाऱ्यावरचे दहा चौकोन

४ मार्च

सातव्या वर्षाची मोजणी संपली! बंद गिरणीमागचा राखेचा ढिगारा, त्यावर खुंट्या ठोकून दोरीने आखलेले माझे दहा चौकोन. पहिल्या वर्षी तीन रोपं होती, आज चारशे अकरा. कंबरेचा काटा ढिला झालाय. पण आधी कोण आलं, कोणी कोणाला जागा करून दिली, सगळं वहीत आहे.

विभागप्रमुख सर सहा वर्षं हसत आले. "बाई, हे शास्त्र नव्हे, ही हजेरी." झाडाला नाव द्यायचं, दाबून कागदावर चिकटवायचं, कपाटात ठेवायचं — त्यांच्या लेखी वनस्पतिशास्त्र तिथे संपतं.

७ मार्च

सरांनी स्वतः बोलावलं. बसायला खुर्ची दिली! तरुणपणी ते ज्वालामुखीने भाजून काढलेल्या एका बेटावर गेले होते. पुढे दोन वर्षांनी पुन्हा गेले, तर तिथे गवत. बी वाऱ्याने समुद्र ओलांडून आणलं, असं त्यांनी लिहिलं आणि त्यावरच त्यांचं नाव झालं. माझी वही मिटत म्हणाले, "तुमचा ढिगारा तेच सांगतोय. वारा!"

अठ्ठावीस तारखेला परिषदेत मी निबंध वाचायचा. अध्यक्ष सर. नीट पार पडलं तर पक्की नेमणूक.

वहिनीला सांगितलं. म्हणाली, "चला, राखेतून काहीतरी निघालं म्हणायचं!"

१५ मार्च

वहिनी सकाळपासून धुसफुसत होती. मागच्या दारी मी बूट आपटते, तिथे फरशीच्या फटींत रान माजलंय. "वन्सं, ढिगारा घरी आणलात की काय?" मी मुकाट्याने खुरपं घेऊन बसले. एक रोप उपटलं. दुसरं. पाचव्याला हात थांबला. सगळी माझ्या वहीतली!

बी बुटाला चिकटून इथवर येतं. मग कॉलेजच्या बागेतून ढिगाऱ्यावर जात नसेल कशावरून? दर सोमवारी मी आधी बागेत, मग तिकडे.

१६ मार्च

बुटांवर धुतलेलं गोणपाट बांधून गेले. जिथे कधी पाय ठेवला नव्हता, तिथे दहा नवे चौकोन आखले. रोपं — सात. दहांत मिळून सात!

सात वर्षं दोरीच्या आत डोकं खुपसून बसले. बाहेर मोजावं असं एकदाही सुचलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो मीच घातला. वारा कसला! पेरणी मीच करत होते.

खूप रडले. मग बुटांच्या तळव्यांची माती खरवडली, ताटलीत भाजून निर्बीज केलेल्या मातीवर पसरली, पाणी घातलं.

२४ मार्च

ताटलीत एकोणतीस रोपं. नऊ जाती.

२५ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"परिषदेत तुमचे बूट कोण बघणार आहे?"

मी वही उघडून सातचा आकडा दाखवला.

"तुम्ही बुडाल ते बुडाल, मलाही बुडवाल. नेमणुकीचा विचार करा."

केला. घरी येईपर्यंत केला. ती नेमणूक मला हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे. पण जे खोटं आहे असं मला कळलंय, ते मी उभी राहून वाचणार नाही. निबंध फाडला. उद्यापासून नवा.

२७ मार्च

झाला लिहून. वहिनीने हस्ताक्षर बघून कपाळावर हात मारला. स्वच्छ प्रत तीच काढतेय.

२८ मार्च

वाचला. ताटली टेबलावर ठेवली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंनी बुटांनी बाग फुलवली!" सभागृह हसलं. हसू दे. मी पुढे वाचत राहिले — दोरीच्या आत जितकं मोजाल तितकंच बाहेर मोजा. बूट धुऊन जा. आणि त्या जागेवर जे जे जीव वावरतात, त्यांत मोजणाऱ्यालाही धरा.

टाळ्या नाहीत. सरांनी आभार मानले नाहीत. ते शेवटपर्यंत ताटलीकडे बघत होते.

नेमणूक गेलीच. घरी आल्यावर वहिनीने चहा पुढे ठेवला. "आता काय करणार?"

म्हटलं, सोमवारी मोजणी.

३० मार्च

वीस चौकोन. दहा आतले, दहा बाहेरचे. बूट दोनदा धुतले. उशीर झाला, पण ही खरी पहिली मोजणी.

६ एप्रिल

मोजत असताना सर ढिगाऱ्यावर आले. दोरीपासून चार हात लांबच उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, बेटावर ते गवत फक्त आमच्या जुन्या तंबूच्या जागेभोवती होतं. बाकी सगळी काळी राख. हे मी कुठेच लिहिलं नाही."

मी वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.