चोरदाणा

बाबा, सातवीपुढे माझं अक्षर सुधारलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली. पण ही गोष्ट जिला कळेल अशी घरात एकच आहे, आणि तिलाच सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात अंधेरीच्या एका गाळ्यातून मला न्यायला गाडी आली. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. मानखुर्दच्या म्हाताऱ्याला कोण फुकट गाडी पाठवतं? गाळ्यात कॉम्प्युटरवर बसलेली पोरं आणि त्यांची साहेब म्हणजे एक मुलगी. तिने यंत्र दाखवलं. अंडं उबवायला ठेवलं की नवव्या दिवशी त्याला केसाएवढं भोक पाडायचं, आतला थेंब काढायचा, की यंत्र सांगतं नर आहे का मादी. पिल्लू बाहेर यायला अजून बारा दिवस असतात. नर निघाला तर, मी विचारलं. "तर अंडंच बाजूला काढायचं, आजोबा. मग जन्मलेलं पिल्लू मारावं लागत नाही ना." म्हणजे आत जे असतं ते मरतंच की, मी म्हटलं. नवव्या दिवशी त्याला काही कळत नसतं, असं ती म्हणाली. त्याला कुणी विचारलं होतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण चहा त्यांचा पीत होतो.

तुम्ही मला मुलुंडच्या हॅचरीत हे काम शिकवलंत तो दिवस आठवतो. पिल्लू डाव्या मुठीत, अंगठ्याने मागची जागा हलकेच उघडायची, आत मोहरीहून बारीक दाणा असला तर नर, नसला तर मादी. नर अंडी देत नाही, म्हणून तो ड्रममध्ये मरायला, मादी पेटीत. मी एक मादी ड्रममध्ये टाकली आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. "डोळ्याने काय बघतोस, बोटाने बघ." काही माद्यांनाही दाणा दिसतो, पण बोट फिरवलं की विरघळल्यासारखा जातो. त्याला तुम्ही चोरदाणा म्हणायचात. नराचा घट्ट असतो, हलत नाही. घरी तुम्ही तीनदा साबण लावूनही चमच्याने जेवायचात. चाळीतले लोक तुम्हाला साहेब म्हणून चिडवायचे. तुम्ही हसायचात, कारण सांगायचा नाहीत. मला ते कामाला लागल्यावर कळलं.

तर अंधेरीला. यंत्राची परीक्षा होती. नर ठरलेली अंडीही यावेळी त्यांनी उबवली होती आणि प्रत्येक पिल्लाच्या पायात नंबर घातला होता. यंत्राचं उत्तर मुलीच्या कागदावर, तो कागद पालथा. मी हाताने सांगायचं, तेच खरं धरणार. माझ्या बोटांवर त्यांनी कॅमेराही लावला होता. हात चोरून यंत्रात घालतात की काय, असं मला सारखं वाटत होतं. आणि यंत्र पास झालं तर पहिलं पनवेलच्या पुढच्या हॅचरीत बसवणार, हे ती मुलगी सहज बोलून गेली. त्याच हॅचरीत माझी सून आहे. मुलगा गेल्यापासून घर तिच्या बोटांवर चालतं, आणि ती बोटं मी तयार केलीत. त्या साहेब मुलीला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

तीन पिल्लांना दाणा होता. बोट फिरवलं, तसाच घट्ट राहिला. मी म्हटलं, चोरदाणा, मादी लिहा. मुलीने विचारलं, म्हणजे काय? मी समजावलं, अगदी तुमच्यासारखं. तिने मान हलवून लिहून घेतलं. मग कागद उलटा केला. यंत्र फक्त तीन ठिकाणी चुकलेलं निघालं. तीच तीन. बाकी सगळीकडे त्याचं आणि माझं एकच उत्तर. मुलीचा चेहरा उतरला. म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, पण बरं झालं आजोबा, तुम्ही होतात.

घरी सून भाकऱ्या थापत होती. यंत्र पास झालं का, तिने विचारलं. नाही म्हटलं, तीन चोरदाण्यांना नर म्हणालं. "तीन चोरदाणे? एवढ्याशा पिल्लांत?" तिने तवा उतरवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हात धुवा, जेवून घ्या." तेव्हापासून तिच्या बोलण्यातला शब्दन् शब्द मी तपासतोय. तिला कळलंय का? कळून गप्प आहे का? आणि ती तिन्ही पिल्लं अंधेरीच्या त्या मुलीने वाढवायला ठेवलीत. महिना-दीड महिन्यात डोक्यावर नराचे लाल तुरे येतील, मग बोट लावायचीही गरज नाही. फोन वाजला की आधी अंधेरीचा नंबर आहे का ते बघतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून औषधांच्या डब्यात ठेवीन. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला सांगावं की तीन जीव वाचवले. पण ते खरं नाही, बाबा. त्या पिल्लांचा विचार मला पहिल्यांदा घरी परतताना गाडीत आला.