दोरिंदाच्या हातांसाठी चार झाडं

९ जून
गोगलगायींनी एका रोपाचा शेंडा खाल्ला! चारच रोपं लावलीत, त्यातही वाटेकरी. राखेचं कडं घातलं होतं, ते पावसानं धुऊन नेलं. शेवटी मुळाशी बशीत बीयर ठेवली. सकाळी पाहतो तर सगळ्या बशीत झिंगून मेलेल्या. कुंपणापलीकडून शेजारी आवेलिनो – "मला कधी एवढ्या प्रेमानं पाजली नाहीस रे!"

विष मारायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही. या गांजाचं मलम माझ्या बायकोच्या, दोरिंदाच्या बोटांत मुरणार आहे. जे झाडाच्या अंगावर पडेल ते तिच्या अंगात जाईल. हे मी आवेलिनोला तीनदा सांगितलं. तो मान हलवतो आणि विसरतो.

११ जून
रविवार. दोरिंदाचा फोन. बोटांचे सांधे पुन्हा सुजलेत, सकाळी मूठ मिटत नाही म्हणे. गेल्या वर्षीचं मलम ईस्टरलाच संपलं.
"एवढ्यात? सप्टेंबरपर्यंत पुरायला हवं होतं."
"अर्धं मादामच्या गुडघ्यांना लावलं."

म्हणजे मी इथे गुडघे टेकून गोगलगायी वेचतो ते दोरिंदा सांभाळते त्या स्विस म्हातारीच्या गुडघ्यांसाठी! डब्यांत मासे भरायचा कारखाना बंद पडला तेव्हा दोरिंदा वेवेला, त्या म्हातारीच्या गावी, कामाला गेली. दोन वर्षांसाठी. त्याला एकोणीस वर्षं झाली. मी खाडीत शिंपले वाढवायच्या तराफ्यांवर कामाला होतो, म्हणून राहिलो. आता तराफेही सुटले. आता मी आहे, कोबी आहे, मका आहे आणि मक्याच्या आड ही चार झाडं. आपल्यापुरती लावली आणि रस्त्यावरून दिसली नाहीत, तर इथे कुणी विचारत नाही.

पण या वर्षी शब्द दिलाय तिनं. सान मिगेलच्या सणाला, सप्टेंबरअखेर येते, झाडं कापू, आणि मग परत जायचं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं की शब्द पातळ होतो.

२४ जून
सान शोआनचा सण. काल संध्याकाळी घमेल्यात झेंडूच्या जातीची फुलं, रोझमेरी, बडीशेपेचा पाला भिजत घातला आणि आज सकाळी त्या पाण्यानं तोंड धुतलं. दोरिंदा असली की उरलेलं पाणी माझ्या मानेवरून आत ओतते आणि पळते. एकट्यानं तोंड धुण्यात काही राम नाही. तिची आठवण येते. रोज येते, पण आज फार आली.

५ जुलै
कोवळ्या पानांखाली मावा. साबणाचं पाणी फवारलं. मग वालाच्या वेलांवरून मावा खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगे एकेक पकडून काडेपेटीत भरले आणि झाडांवर सोडले. अर्धे उडून परत वालावर गेले. त्यांना तरी घर कळतं.

१५ जुलै
खालच्या पानांवर भुरी. पिठासारखी. हवा दमट, आणि मका आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय. उद्यापासून दूध-पाणी फवारायचं.

१८ जुलै


दुपारी खाडीवरून परत आलो तर दोन झाडं निळी! पानं निळी, देठ निळे, खालची माती निळी. आवेलिनो पाठीवर टाकी घेऊन कुंपणात उभा, चेहरा असा की मी आता बक्षीसच देणार.
"भुरी दिसली रे. द्राक्षांना मारून टाकीत थोडं उरलं होतं. म्हटलं, वाया कशाला घालवायचं?"
"मोरचूद? माझ्या झाडांवर मोरचूद मारलंस?"
"माझ्या आज्यापासून मारतोय. माणूस मेला का कुणी?"
"ते तिच्या हाताला चोळायचंय, आवेलिनो!"
तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. टाकी हळूच खाली ठेवली. म्हणाला, "चारही मारणार होतो. ओबदुलियानं जेवायला हाक मारली."

ओबदुलिया त्याची बायको. देव तिचं भलं करो आणि तिची डाळ नेहमी वेळेवर शिजो. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली माझी. दोन्ही निळी झाडं उपटली. आवेलिनोनं उपटायला मदत केली आणि एक शब्द बोलला नाही, हे त्याच्या बाबतीत रडण्यासारखंच आहे.

दोन राहिली.

३० जुलै
दोरिंदाला निळ्या झाडांचं सांगितलं. इतकी हसली की शेवटी खोकला आला. मला आधी राग आला, मग मीही हसलो. तिचं हसू फोनमध्ये फाटतं, तरी ते तिचंच असतं. मग तिनं बाल्कनीतल्या टोमॅटोचं सांगितलं. "आमच्या गल्लीत माझ्याएवढे टोमॅटो कुणाचे नाहीत." आवेलिनोच्या कुत्र्याचं नाव विचारलं, आठवत नाही म्हणाली. कुत्रा अकरा वर्षांचा आहे.

१९ ऑगस्ट
फुलं धरली! वास मक्याच्या बाहेर यायला लागलाय. आणि अळ्या. पतंग फुलात अंडी घालतो, अळी आत बसून खाते, तिची घाण साचते आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. बाहेरून काही दिसत नाही, नुसतं एखादं पान उगाच पिवळं पडतं. मग चष्मा लावून फूल उघडायचं. आज सकाळभर तेच. चिमट्यानं काढून कोंबड्यांना घातल्या. कोंबड्या खुशीत आहेत, अंडी मोठी येतायत. आवेलिनो म्हणतो, "बघ हं, उद्या कोंबडा दुपारी आरवेल."

१० सप्टेंबर
आवेलिनोकडे द्राक्षं तोडली. मग अंगणात लांब टेबल, शिंपले, कालवं, भाकरी, गेल्या वर्षीची वाइन. सगळे जोडीजोडीनं. ओबदुलियानं माझ्या शेजारची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली. कुणी बसायला लागलं तर, "ती दोरिंदाची." चांगल्या मनानं केलं तिनं. ताट मी तसंच ठेवलं. लवकर उठलो, झाडांना पाणी द्यायचंय म्हणून. पाऊस पडत होता.

१६ सप्टेंबर
आली. करडी बुरशी.

सर्वांत मोठ्या फुलात. बोटानं दाबलं तर आत राखाडी लोकर आणि धूर उडाल्यासारखी पूड. कापून पिशवीत घातलं, कात्री स्पिरिटनं पुसली. हिला औषध नाही. दूध नाही, साबण नाही, काही नाही. वारा हवा आणि कापण्याची वेळ गाठायला हवी, बस.

वारा कुठून येणार? चहूकडून मका! झाडं दिसू नयेत म्हणून मीच दाट पेरला. लपवायला गेलो आणि गुदमरवलं.

१७ सप्टेंबर
मका कापला. सगळा. आता वारा येतो, आणि रस्त्यावरून दोन्ही झाडंही दिसतात, हिरव्या डोंगरांसारखी. दुपारी पोलिसांची गाडी गेली. पावाच्या दुकानापर्यंतच गेली, पण चोराच्या मनात चांदणं! मी बादली घेऊन उगाच कोबीला पाणी घालत राहिलो.

तेवढ्यात ओबदुलिया आली, टोपलीभर चादरी घेऊन. रस्ता आणि झाडं यांच्या मधे दोरी बांधली आणि चादरी वाळत घातल्या. लग्नातल्या, कशिद्याच्या.
"अगं, पाऊस येतोय."
"मग? माझ्या चादरी आहेत, मला भिजवायच्या आहेत."

२१ सप्टेंबर
पाऊस. चादरी बाहेरच. गावात बोलणं सुरू झालंय की ओबदुलियाचं डोकं फिरलं. आवेलिनो सांगत होता, "पाद्री विचारत होता, घरात सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, फादर, बाईला उन्हाची ॲलर्जी झालीय."

रोज सकाळी बुरशी लागलेलं कापतो. मूठभर. आणखी एक मूठ. सान मिगेलपर्यंत टिकायला हवं.

२४ सप्टेंबर
रविवार. येत नाही. मादामला न्यूमोनिया झालाय. "तिला कुणी नाही रे सेल्सो. मुलगा कॅनडात. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी नोकर मानलं नाही. पुढच्या आठवड्यात बघते."
मी म्हटलं, "झाडं थांबणार नाहीत."
"मग तू काप."

मी कसा कापू? आमच्याकडे ज्यानं लावलं त्यानं कापू नये. तिच्या आईचं म्हणणं, कापणाऱ्याचे हात दुसरे हवेत, नाहीतर पुढल्या वर्षी काही रुजत नाही. दरवर्षी मी लावतो, ती कापते. भिंग घेऊन फुलाकडे बघते, नाक मुरडते, "उद्या" म्हणते. मग उद्या पुन्हा बघते. आणि एका सकाळी कमरेला एप्रन बांधून कात्री मागते. तो दिवस माझा सण. मी ओटीवर बसून फांद्या घेतो, दोरीला उलट्या टांगतो, आणि ती वरून हुकूम सोडत राहते. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर किडे मारतो. मलम वगैरे ठीक आहे.

आठवडाभर थांबेन.

२९ सप्टेंबर
सान मिगेल. पाऊस. स्टेशनवर गेलो नाही, जायचं कारण नव्हतं.

३ ऑक्टोबर
पिशवी भरली. आज जे कापलं ते चांगल्यापेक्षा जास्त. ओबदुलिया चादरीच्या कडेनं बघत होती.
"सेल्सो, काप आता."
"शनिवारी कदाचित येईल ती."
"आणि नाही आली तर? तिला काय दाखवशील, काड्या?"
आवेलिनो मागून – "अगं, तो झाडांची वाट बघत नाहीये."
ओबदुलियानं त्याला कोपरानं ढोसलं. मला ऐकू आलंच.

मला माहीत आहे मी काय करतोय. कापलं की तिला यायला कारण उरत नाही. हे लिहून टाकलं, बरं वाटलं नाही.

६ ऑक्टोबर
फोन केला. मीच, वाट न बघता. तिनं खालच्या आवाजात घेतला, मादाम झोपली होती. शनिवारी नाही येत. पुढच्या शनिवारीही सांगता येत नाही. मी बुरशीचं सगळं सांगितलं, कुठवर पोचलीय ते.
"भिंगातून बघ," म्हणाली. "फुलावरचे चिकाचे थेंब काचेसारखे दिसतात की दुधासारखे?"
"दुधासारखे. एखादा पिवळा."
"मग उशीर झालाय रे. आजच काप. खालून नको, शेंड्यापासून काप. फांद्या एकमेकींना लागू देऊ नकोस, ओटीवर नको टांगू, माळ्यावर टांग, खिडकी उघडी ठेव." उंटावरून शेळ्या हाकत होती माझी बायको, वेवेहून, आणि मला वाटलं हे बोलणं संपूच नये.

दुपारी कापलं. तिचा एप्रन मी बांधला नाही. दोन झाडांतून चांगल्या फांद्या निघाल्या सात. ओबदुलियानं चादरी काढल्या. त्यांवर हिरवे डाग पडलेत. म्हणाली, निघतील.

२२ ऑक्टोबर
मलम झालं. आवेलिनोनं त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांतलं मेण दिलं, न मागता. वाळलेली फुलं घालून तेल मंद आचेवर ठेवलं, गाळलं, मेण घातलं. एक बरणी. लहान. गेल्या वर्षी चार झाल्या होत्या. रंग चांगला आला. टपालानं पाठवता येत नाही, पकडलं तर तिच्याच मागे लागतील. तेव्हा ती येईपर्यंत फडताळात. रोज उघडून वास घेतो. बुरशीचा वास नाही.

१ नोव्हेंबर
तिच्या आईच्या थडग्यावर शेवंती ठेवली. दगड घासला. शेजारच्या सगळ्या थडग्यांवर परदेशातून आलेली माणसं होती, गाड्या लावायला जागा नव्हती. मला तिघांनी विचारलं, दोरिंदा कधी येते? लवकरच, म्हटलं. तिन्ही वेळा.

९ नोव्हेंबर
मादाम गेली. परवा पहाटे, दोरिंदाचा हात धरून. तिनं आज कळवलं. खूप रडली. आईच्या वेळी रडली होती तशी.

मी तिला रडू दिलं. मग म्हटलं, आता तुला कुणी अडवणारं नाही. आता घरी ये.

पलीकडे तिनं नाक शिंकरलं.

"सेल्सो," म्हणाली, "मी इथे घरीच आहे रे. तू इकडे ये."