भरीत न खाता उठलेली पोर

आबा, मी बोलतेय आणि तुमची पणती, म्हणजे माझी नात, मोबाइलवर लिहून घेतेय. तुम्ही मला शाळेत घातलं नाही, तेव्हा तक्रार करायची तर स्वतःकडेच करा. ही पोर माझा शब्दही गाळत नाही. मघाशी खोकले, तर म्हणाली, "आजी, हेपण लिहू?"

तिला जळगावात बियाण्यांच्या कंपनीत नोकरी आहे. काम चोख करते, पण चार माणसं एकदम बोलली की तिचं डोकं फिरतं, ऐनवेळी बेत बदलला की ती गडबडते. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. मागच्या हिवाळ्यात तिच्या साहेबानं शेतात भरीत ठेवलं. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजलेली, एकीकडे ती ठेचायची धपधप, दुसरीकडे गाणी. पोर भरलेल्या ताटावरून उठली आणि सरळ रस्त्याला लागली. आता आपल्याकडे कुणाचं भरीत न खाता उठायचं, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिलेल्या बऱ्या! दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बायकांनी तोंडं फिरवली. साहेब म्हणाला, "हा महिना होऊ दे, मग बघू." पोर घरी येऊन म्हणते, "आजी, मला काढणार."

सकाळी मी तिच्याबरोबर ऑफिसात जाते. साहेब खुर्ची देतो, पण माझ्याकडे बघत नाही. शेवटी म्हणतो, "अक्का, खरं सांगू? आमच्या हातचं हिला चालत नाही, असं वाटलं."

मला हसूच फुटलं. "अरे भाऊ, ही जेवताना मला तोंड उघडू देत नाही. तुझं काय घेऊन बसलास!"

मी अजून दहा गोष्टी सांगणार होते, पण पोर म्हणाली, "आजी, मी बोलते." भिंतीकडे बघतच बोलली, "गोंगाटात माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मला कोपऱ्यातली जागा द्या. काम बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा."

"एवढंच? मग आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही."

आबा, तेव्हा तुम्ही आठवलात. धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रात तुमची बोटं गेली, तर मुकादम स्वतः घरी आला, मायाळूपणानं म्हणाला, "आबा, आते घर बठा." माणूस वाईट नव्हता. पण उरलेल्या हातानं तुम्ही काय काय करू शकता, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्हीही नाही. तुम्ही ओट्यावर बसून राहिलात. एकदा माय तुमच्यावर खेकसली, तेव्हा हळूच म्हणालात, "माले कोनी इचारंच नही."

पोरीची नोकरी टिकली. कोपरा मिळाला. साहेब अजूनही कधीकधी विसरतो, मग ही सगळ्यांसमोर म्हणते, "काल सांगितलं नव्हतं." एक बाई तिला लाडोबा म्हणते. म्हणू दे.

यंदा साहेबानं भरिताला मलाही बोलावलं, आमची दोघींची ताटं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं मांडली होती. सगळे म्हणाले, नातीसाठी बिचारी म्हातारी सगळ्यांपासून बाजूला बसली. मी पण बिचारं तोंड केलं. तुम्ही गेलात त्या गावाला टपाल जात नाही, हे कुणापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते: मलाच तिथं बरं वाटलं. गोंगाट मला कधीच सोसला नाही, आबा. जन्मभर मीच सगळ्यांत मोठ्यानं बोलत आले, म्हणजे बाकीच्यांचं ऐकावं लागत नाही.