गौरीचा तिखटा, सोयाबीनचा

घाटकोपर,
सप्टेंबर १९८६

चि. सौ. सुलोचनास तुझ्या मोठ्या जावेचे आशीर्वाद.

गौरी नीट पार पडल्या, काळजी करू नकोस. भाऊजींचा खोकला कसा आहे?

तिखटा नैवेद्य झाला का, असं तू विचारलंस. झाला. पण मुलाच्या या भाड्याच्या खोलीत मटण शिजवायचं नाही, ही मालकीणबाईची अट. म्हणून मासिकात वाचून सोयाबीनचं पनीर केलं. भिजवलं, वाटलं, दूध गाळून लिंबानं फाडलं आणि पाट्याखाली दाबलं. दोन दिवस त्यातच गेले, मनगटं अजून दुखतायत. तुकडे तळून आपल्या मटणाच्या वाटपात शिजवले.

वास जिन्यात गेला आणि मालकीणबाई दारात उभी. "काकी, मटन नाय बोलली होती ना मी!" मी तुकडा मोडून दाखवला, आतून पांढराफेक. तिनं तो तिथंच खाल्ला आणि म्हणाली, "अजून एक द्या ना."

गौरीचं पान वाढलं. ते गणपतीला दिसू नये म्हणून आपल्या रीतीप्रमाणे मी मध्ये पडदा धरला. सून हसली.

"आई, सोयाबीनला पडदा कशाला?"

"असू दे गं. गौरीला आपल्या घरी आल्यासारखं वाटू दे."

तिला एवढंच सांगितलं. हे होते तोवर पडदा दरवर्षी तेच धरायचे. यंदा मी धरला, आणि नैवेद्य झाल्यावरही बराच वेळ खाली सोडला नाही.

तुझी जाऊ,
अनसूया