उत्तरेचा गाळा

२९ ऑक्टो.
समाजमंदिराचा स्लॅब झाला. सिहोऱ्यापासून आत, कच्च्या रस्त्याने. लॅबतर्फे मी एकटी. स्लॅबचे दोन गाळे. सकाळी दक्षिणेचा ओतला, माल चांगला. इथे काँक्रीट कोणी म्हणत नाही. सेवकदादा (मिस्त्री) म्हणतात 'माल', गावातले 'सिमिट', निविदेत 'काँक्रीट एम-२०'. तिन्ही एकच वस्तू, असं धरून चालते.
एक वाजता सरपंच प्रमिलाताईंनी जेवायला नेलंच. "स्लॅबच्या दिवशी इंजिनेर उपाशी गेली त इमारतीले पावत नाही, बाई." वडाभात. पाऊण तास. परतले तर उत्तरेचा गाळा ओतून झालेला, चाचणीच्या क्यूबचे साचेही भरलेले. सेवकदादा: "तुमचं काम मीच करून ठेवलं." आभार मानले. उत्तरेकडे वर पाणी चमकत होतं. नोंदवहीत 'समाधानकारक' लिहिलं.

५ नोव्हें.
सातवा दिवस. तीन क्यूब फोडले. २४, २५, २४.५. या मिश्रणाला सातव्या दिवशी चौदा पुरतात. लॅबचे सर म्हणाले, "छान. पाठवून दे." रिपोर्ट पाठवला. सही माझी.
नापास क्यूब पुष्कळ पाहिलेत. इतका पास झालेला पहिलाच.

७ नोव्हें.
जवाहरनगर, घरी. बाबांना आकडे सांगितले. त्यांची सारी नोकरी कारखान्यात माल तपासण्यात गेली. एकच प्रश्न: "नमुना कोणी भरला?"
मिस्त्रीने, म्हटलं. ते म्हणाले, "बनवणाऱ्याने हातात दिला तो नमुना नसतो, भेट असते." मग पेपर वाचायला लागले.

९ नोव्हें.
साईट. रिबाउंड हातोडा नेला, आपटून काँक्रीटचा कठीणपणा मोजतो तो. दक्षिण ३०, ३१, २९. उत्तर १६, १४, दोन ठिकाणी आकडाच उठत नाही. नखाने खरवडलं तर वाळू निघते.
सेवकदादांना विचारलं. लपवलं नाही. "तुम्ही जेवाले गेल्या न् मिक्सर बंद पडला. माल हातानं कालवला. पानी जादा झालं थोडं."
क्यूब?
"ते अलग बनवले. दोन घमेले सिमिट वरून टाकलं. सगळेच टाकतेत. तुमचं पहिलंच काम, फेल झालं असतं त तुमच्यावरच आलं असतं नं."
म्हणजे माझ्यासाठी.
म्हटलं, स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या अठ्ठावीस दिवस हलवू नका. त्यांनी मान हलवली, नकाराची. १२ ला मंडई आहे, दिवाळीनंतरची गावची जत्रा. मंडईच्या नाटकाचं स्टेज दर वर्षी याच सेंटरिंगच्या बल्ल्यांवर उभं राहतं. आणि बाया या वर्षी नव्या स्लॅबवर बसून नाटक पाहणार. कोणत्या मोहल्ल्याने कुठे बसायचं तेही ठरलंय.
बल्ल्या खालून काढायच्या, माणसं वर चढवायची. एकाच दिवशी.
बल्ल्या काढायचा नियम चौदा दिवसांचा, ते १२ लाच भरतात. नियम काँक्रीटचा आहे. उत्तरेकडे जे आहे त्याला काय म्हणायचं, मला ठरवता आलेलं नाही.

१० नोव्हें.
सरांना सगळं सांगितलं. "लेखी देऊ नको. ठोस काय आहे तुझ्याकडे? हातोड्याचा आकडा म्हणजे अंदाज." तांत्रिकदृष्ट्या बरोबर. स्लॅबमधूनच नमुना कापून काढायचं कोअर मशीन नागपूरहून यायला चार दिवस. चार दिवस नाहीत.

११ नोव्हें.
रिपोर्ट मागे घेत असल्याचं पत्र. दोन ओळी, माझी सही. प्रमिलाताईंच्या हातात दिलं. वाचून घडी घातली.
"पास कोनं केलं होतं?"
"मी."
"मंग आता काहून फेल करून राहिल्या?"
क्यूब खरे नव्हते, म्हटलं. भरताना मी कुठे होते हे सांगायला हवं होतं. जिथे जेवले त्याच ओसरीवर उभी होते.
"बाया सालोसाल माणसाइच्या मागं उभ्या राहून नाटक पाहातेत. या साली वरून पाहातीन, असा मी शब्द देला." शेजारी उभ्या सेवकदादांकडे वळल्या, "का जी, माल कच्चा हाये का?"
ते म्हणाले, "चौदा दिवस होतेत उद्या."
एवढंच.

१२ नोव्हें.
स. १०. उत्तरेखालच्या बल्ल्या निघाल्या. स्टेज उभं आहे. दोरी ताणून मोजलं, मधला भाग ६ मि.मी. खाली.
दु. १२. ९ मि.मी. बल्ल्या परत मागितल्या. सेवकदादांनी दोन आणल्या, स्वतः ठोकल्या, गेले. दहा लागतात.
पोलिसांना फोन. "मंडईच्या बंदोबस्ताले सातले येऊनच राहिलो नं, मॅडम."
दु. ३. ११ मि.मी. गाळ्याच्या मधोमध भेग, आरपार. सर फोन उचलत नाहीत.
दु. ४. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आहे. वर जायचा रस्ता हाच, रुंदी नव्वद सें.मी. बाया जागा धरायला आल्या. बोऱ्या, सतरंज्या, काखेत लेकरं.
"सरक नं माय, काहून रस्ता अडवून बसली?"
"स्लॅब कच्चा आहे."
"कोन म्हनते?"
"मी. पास मीच केला होता. चुकलं माझं."
मागून एक, "नाटकातली दिसते, लवकर आली." हसल्या सगळ्या. पण चढल्या नाहीत. मी लिहिते आहे म्हणून. नावं लिहून घेते असं वाटतंय त्यांना. हात थांबवत नाही.
आता वीसेक जणी. मागच्या पुढच्यांना लोटताहेत. प्रमिलाताई आल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीले उचला."
खाली सेवकदादा दिसले. जोरात हाक मारली. सगळ्यांसमोर विचारलं: दादा, क्यूबमध्ये काय टाकलं होतं, सांगा यांना.
बाया वळल्या आहेत. सेवकदादांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, पहिल्या पायरीवर पाय ठेवलाय, नजर माझ्याकडे नाही, बायांकडे.