तात्पुरता चेहरा

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे. मावशी, मी, पुस्तकांची खोकी आणि मावशीचं शिलाई मशीन. मशीन विकून टाक म्हणून मी महिनाभर कानीकपाळी ओरडत होते, त्यामुळे ट्रकमध्ये सगळ्यात आधी तेच चढलं. नोकरीबरोबर घरही मिळालंय. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या. ऑफिसला जायचं म्हणजे जिना उतरायचा. मावशीने आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या, उजेड चांगला आहे म्हणाली आणि लगेच नळाला नावं ठेवायला लागली. म्हणजे घर पसंत आहे.

इथे टीव्हीसाठी जुन्या चित्रांवर माहितीपट बनतात. एका भागात एक चित्र. ते कुणी काढलं, कुणासाठी काढलं, त्यातल्या बाईच्या हातात लिंबू का आहे, असलं सगळं. माझं काम संकलनाचं. दुसऱ्यांनी शूट केलेलं कापायचं, जोडायचं, आणि आपल्या डोक्यात पहिल्यापासून हेच होतं असं त्यांना वाटू द्यायचं.

ही वही मावशीनेच आणून दिली. तुझी बडबड ऐकून माझे कान किटले, आता थोडं वहीला सांग म्हणाली. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. ‘माय मरो पण मावशी जगो’ असं लोक आमच्यासमोरच म्हणायचे. मावशी म्हणायची, जगते हो, पण हिच्या वेण्या तुम्ही येऊन घाला. तेव्हापासून आम्ही दोघीच. आजही सामान लावता लावता माझ्या केसांकडे बघून तिने तोंड वाकडं केलंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

माणसं बरी आहेत. दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवायचे. अजूनही कुणी चुकलं की खडू फेकल्यासारखा हात करतात. साउंडवाल्याला सगळे मुका म्हणतात. दिवसभर आवाजात राहतो आणि स्वतः बोलत नाही. मला पाहून मान हलवली, हे फार झालं म्हणे.

पहिलाच भाग मला मिळालाय तो ‘जेवणानंतर’ या चित्राचा. मोठं कुटुंब टेबलाभोवती बसलंय, ताटं अजून उचललेली नाहीत, डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. सगळ्यांचे चेहरे इतके जिवंत आहेत की कोण कोणावर रुसलंय तेही कळतं. फक्त उजव्या बाजूला राखाडी कपड्यातली एक बाई बसलीय, डावा हात टेबलावर ठेवून, मान जराशी वळवून, आणि तिला चेहराच नाही. खरवडलेला नाही, फाटलेला नाही. अंगठ्याने पुसून काढावा तसा गुळगुळीत रंग आहे तिथे. चित्रकाराने ही जागा रिकामी का ठेवली, यावर आपला भाग उभा राहील असं मास्तर म्हणतात.

माझ्या आधीचा संकलक न सांगता निघून गेला. त्याचा मग अजून टेबलावर आहे. तो का गेला ते मी मुक्याला विचारलं. घरची काहीतरी भानगड होती म्हणाला. मग म्हणाला, पण त्याला घरचं कुणी नव्हतंच. आणि हेडफोन लावून कामाला लागला.

१० नोव्हेंबर, सोमवार

मास्तरांना रिकाम्या जागेवर हळूहळू चेहरा उमटताना दाखवायचाय. तो काढायला एक चित्रकार ठरवलाय, त्याचं काम यायला वेळ आहे. तोवर आमच्या धंद्यात करतात ते मी केलं. खरी गोष्ट हातात येईपर्यंत तिथे काहीतरी डमी टाकून ठेवायची, म्हणजे पुढचं काम अडत नाही. कधी कोरी पाटी टाकतात, कधी कुत्र्याचा फोटो. मी माझ्या फोनमधला मावशीचा फोटो टाकला. खिडकीशी बसून ती शिवत होती आणि काढू नकोस गं म्हणत मान वळवली होती, तेव्हा टिपलेला. उजेड डावीकडून, मान तशीच. रंग जुळवायलाही लागले नाहीत. संगणकावर चित्राच्या वर बसवलेल्या त्या थराला नाव दिलं ‘मावशी – तात्पुरती’ आणि पुढच्या कामाला लागले.

मास्तर पाहून हसले आणि हिला मानधन द्यावं लागेल म्हणाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चित्रकाराचा चेहरा आला. छान आहे, पण चित्रात बसत नाही. चिकटवल्यासारखा दिसतो. मास्तर म्हणाले, राहू दे डमीच, वाहिनीला आणि संग्रहालयाला मंजुरीसाठी अशीच प्रत पाठवू, शेवटी बदलू. मी पाठवली. बदलू म्हणून ठेवलेली डमी शेवटपर्यंत तशीच राहते हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी पाठवली.

मावशीला खाली बोलावून दाखवलं. भारी खूश झाली. या वयात हिरोईन केलंस म्हणाली, पण निदान हसरा तरी फोटो घ्यायचास. जिना चढताना म्हणाली की आज सकाळपासून चेहरा ओढल्यासारखा होतोय, साबण धुवायचा राहिल्यासारखा. हवा कोरडी आहे, मी म्हटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

संग्रहालयातून फोन आला. तिथे चित्रं साफ करणाऱ्या बाई आनंदाने अडखळत होत्या. त्यांनी काहीही केलेलं नसताना ‘जेवणानंतर’मधला पुसलेला चेहरा दिसू लागलाय म्हणे. जुना रंग आपोआप वर येत असावा. मास्तर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. पुन्हा शूट करायचं ठरलं.

मला आनंद झाला नाही. मावशीचं काहीतरी बिनसलंय. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलंच नाही, मागच्या माणसाला आधी सामान दिलं, म्हणून ती न भांडता परत आली. मावशी, न भांडता. दुपारी वर गेले तर टेबलाशी बसली होती. डावा हात टेबलावर. हाक मारली तर मान वळवायला वेळ लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संग्रहालयात जाऊन आले. कॅमेरा लागायच्या आधीच पाहिलं.

मावशी आहे. चित्रकाराच्या हातचे फटकारे, जुन्या रंगाला गेलेले तडे, सगळं खरं. पण हनुवटीवर तीळ आहे, आणि नाकावर चष्म्याचा व्रण आहे. बाई म्हणाल्या की या व्रणाचा अर्थ लागत नाही, त्या काळी असे चष्मे नव्हते. मास्तर म्हणाले, योगायोग बघ, तुझ्या डमीसारखीच दिसते. मी शूट सुरू व्हायची वाट न बघता बाहेर पडले.

परत आल्या आल्या डमी काढून टाकली. पाठवलेल्या प्रती रद्द करा म्हणून सगळ्यांना कळवलं. फोनमधला फोटोही पुसला. मग वर पळत गेले. मावशीने विचारलं, दमलीस का. आवाज लांबून आल्यासारखा होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डमी काढून काही उपयोग झालेला नाही.

डॉक्टरांकडे नेलं. मी म्हटलं, हिला बघा, हिचा चेहरा बधिर होतोय. त्यांनी माझी नाडी पाहिली. मला नाही, हिला, मी म्हटलं. ते शेजारच्या खुर्चीकडे बघत राहिले आणि मग हळू आवाजात मला विचारलं, झोप लागते का नीट, घरी आणखी कोण असतं. मावशी तिथेच बसली होती. माझी बॅग मांडीवर घेऊन बसली होती.

रस्त्यात म्हणाली, जाऊ दे गं, डॉक्टर आंधळा आहे. मला हसवायला म्हणाली. तिचे ओठ पुरते हलत नव्हते.

मास्तरांना सगळं सांगितलं, पाय धरायचेच बाकी ठेवले. त्यांनी समजुतीने ऐकून घेतलं आणि विचारलं, कोण मावशी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तिच्या गालावर बारीक तडे गेलेत. रक्त नाही. खोलीत जवसाच्या तेलाचा वास येतो, तैलरंगात घालतात त्या. मी कोमट पाण्याने तोंड पुसायला गेले तर टॉवेलला त्वचेचा रंग लागला. नंतर पुसायची हिंमत झाली नाही. नाक नीट दिसत नाही आता. डोळे आहेत अजून. डोळ्यांनी माझ्या केसांकडे बघते.

माझं चुकलं, माझं चुकलं म्हणून रडले तिच्यासमोर. तिने हात उचलायचा प्रयत्न केला. हात टेबलावरून निघाला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मुका वर आला. स्वतःहून. दारातून मावशीच्या खुर्चीकडे पाहून म्हणाला, इथे कुणी श्वास घेतंय, ऐकू येतं. तेवढ्यानेच मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

त्याने आधीच्या संकलकाचं काम उघडून दाखवलं. चित्राचं अगदी पहिलं शूट. त्यात दोन जागा रिकाम्या आहेत. राखाडी बाई, आणि तिच्या शेजारचा मिशीवाला तरुण. तो तरुण आता चित्रात आहे, पूर्ण, ताटाकडे बघत. आणि त्या कामात बंद करून ठेवलेला एक थर होता. ‘दादा – तात्पुरता’. आत मिशीवाल्याचा फोटो. सायकलवर बसलेला.

मुका म्हणाला, जायच्या आधी तो सगळ्यांना सांगायचा की मला भाऊ होता. आम्हाला वाईट वाटायचं त्याचं.

त्यानेही डमी काढून टाकली होती. भाऊ आला नाही. नुसतं उठवून भागत नाही. बसलेल्याच्या जागी दुसरं कुणी बसवलं तरच—

२३ नोव्हेंबर, रविवार

चित्रकाराने काढलेला चेहरा नव्या शूटमध्ये मावशीवर टाकून पाहिला. काही नाही. खोटा चेहरा चालत नाही. जिवंत लागतो.

मास्तरांचा फोटो लावला. बसला तिथे. प्रत पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसले. घरी त्यांची बायको आहे, नात आहे, रोज दुपारी तिचा फोन येतो. काढून टाकला.

मुक्याचा लावलाच नाही.

वर मावशीचे डोळे जायला लागलेत. एक आहे. तो बघत—

माझा फोटो नाही माझ्याकडे. एकटीचा एकही नाही. सगळ्या फोटोंत ती आहे, गुळगुळीत, आणि शेजारी मी. मुक्याला म्हटलं, खिडकीशी बसते, डावीकडून उजेड घे. त्याने कॅमेरा खाली ठेवला. काढ म्हटलं ना.

थराला नाव दिलेलं नाही. तात्पुरतं म्हणायचं नाही या वेळी. प्रत पाठवली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वरून आवाज आला. भांडी. मग नळाला शिव्या. मावशीच्या शिव्या. खाली खुर्चीत बसून रडले. रडताना गाल ओढतात—

जिन्यावर पावलं. ती खाली आली. तीळ आहे. नाक आहे, व्रण आहे, सगळी आहे. पोटभर पाहिली.

अहो म्हणाली मला. अहो, तुम्ही स्टुडिओतल्या ना, वर पाणी नीट येत नाही, कुणाला सांगायचं.

मावशी, मी म्हटलं. हो, सगळे मावशीच म्हणतात, म्हणाली. हसली.

मी एकटी असते वर, म्हणाली. बहिणीला एक मुलगी व्हायची होती वाटतं, की झाली होती, आताशा आठवत नाही बाई.

चालेल. चालेल हे. मावशी जगो—

तेलाचा वास माझ्याच हातांना येतोय. डावा हात टेबलावरून उचलत नाही. उजव्याने लिहितेय. मान—

गेली नाही अजून. मागे उभी आहे. केस किती विस्कटलेत तुमचे म्हणतेय. हात लावू का विचारून थांबलीही नाही. तीन पेड घेतले. घट्ट, नेहमीसारखे. माझे हात असे का चालताहेत कळत नाही म्हणतेय, मी तर कधी कुणाची वेणी—

विचारतेय, तुमचं नाव काय. सांगायला तोंड उघ