न कापलेला पट्टा

मूर्तिजापूर,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. दुर्गाकाकूंना,
मायाचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी उठताना तुम्ही भिंतीला हात लावत होतात. दवाखान्यात दाखवलं का? इकडे आठवडाभर पाऊस लागून आहे, बाबांच्या पराटीत तण माजलंय आणि निंदणाला बाया मिळत नाहीत. तुमच्या वावरातही तीच गत असेल. आचल, तू कॉलेज बुडवून निंदायला जात असशील, तर तसं करू नकोस.

पत्र आचल वाचून दाखवेल, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. फोनही करता आला असता. तीनदा लावला आणि तुम्ही उचलायच्या आत कापला. फोनवर मी अर्धंच सांगून थांबले असते. कागदावर माणसाला तसं करता येत नाही, असं मला लहानपणापासून वाटायचं. पण कागदावरही येतं, आणि ते मीच केलं आहे.

आधी डोमाजीकाकांबद्दल थोडं लिहू द्या. ते घरी साइटवरचं काही सांगत होते की नाही, मला माहीत नाही.

पुलाच्या साइटवर मी सेफ्टीला लागले तेव्हा माणसं मला बघून हेल्मेट घालायची आणि मी वळले की काढायची. काका तसे नव्हते. क्रेनच्या हुकाला ओझं बांधायचं काम त्यांचं. गळ्यात कायम शिट्टी. ती वाजली की ओझ्याखाली कुत्रंही थांबायचं नाही. ओझं उचलायचे पट्टे तपासायला मी बसले की ते शेजारी उकिडवे बसत. पट्टे म्हणजे आचलच्या तळहाताएवढे रुंद, नायलॉनसारख्या धाग्याचे. मी एकेक पट्टा बोटांनी चाचपत, उलटा-सुलटा करत बघायची. चाळीस पट्ट्यांना अख्खा दिवस लागायचा. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "मॅडम पट्टा नाही पाहून राहिल्या बाप्पा, लगनाचं लुगडं पाहून राहिल्या! दुकानदार उठून जाईन, पन ह्या नाही उठत." सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून माणसं माझ्याशी बोलायला लागली.

मी तशीच आहे, काकू. गॅसचं बटण बंद केलं तरी परत जाऊन बघते. हे पत्रही चौथ्यांदा लिहिते आहे.

१ जुलैला काय झालं, ते तुम्हाला नितेशने सांगितलं असेल. त्या दिवशी तो काकांच्या जोडीला होता. त्याने न सांगितलेली एक गोष्ट मी सांगते. दर तीन महिन्यांनी सगळे पट्टे गोळा करून तपासायचे आणि पास झालेल्यांना नवा रंग लावायचा, असा नियम आहे. १ जुलै ही त्याची तारीख होती. सकाळी नऊलाच मी सगळे पट्टे उचलून शेडमध्ये आणले. कुलदीप सर, आमचे इंजिनिअर, म्हणाले, "अर्धे आज तपासा, अर्धे उद्या." मी म्हणाले, तारीख आजची आहे. म्हणून तिकडे खांबाजवळ क्रेनला लावायला एकही पट्टा नव्हता.

साडेदहाला सळ्यांची मोळी वर द्यायची होती. कुलदीप सर ओरडले, "क्रेन काय शोभेला उभी आहे का? काहीतरी लावा आणि उचला!" शेड दूर होती, चालत दहा मिनिटं. काकांच्या पिशवीत एक पट्टा होता. नितेशला तिवसा गावी त्याच्या विहिरीतली मोटर काढायची होती, त्याच्यासाठी ते तो घरून घेऊन आले होते. नितेश म्हणतो, काका तो हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सळ्या तं थोड्याच हायेत. उचलते हा."

शिट्टी वाजली ती मला शेडमध्ये ऐकू आली होती. ऐकून बरं वाटलं होतं, की काका आहेत तिकडे.

मोळी हवेत फिरायला लागली. ती आवरायला काका तिला बांधलेली दोरी धरून दोन पावलं आत, तिच्याखाली गेले आणि पट्टा तुटला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

काका गेल्यावर पुण्यानुमोदनाला मी आले होते, पण मागेच बसले. नंतर जुलैच्या शेवटी आले, तेव्हा कंपनीचा अहवाल गावात पोचला होता. "सदर कामगाराने नापास झालेला पट्टा परवानगीशिवाय घरी नेला व स्वतःच्या मर्जीने वापरला." गावाने त्याचं एका शब्दात भाषांतर केलं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मी घराचा पत्ता विचारला, तर एक माणूस म्हणाला, "तो पट्टा चोरनाऱ्याचं काय?" मी हो म्हणाले, काकू. घर सापडावं म्हणून हो म्हणाले.

तुम्ही मला चहा दिला. आचलने पोहे केले. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलंत, "त्याईनं उभ्या जलमात दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरचं बोर नाही तोडलं. तू तं तिथंच होती माय. तूच सांग, त्याईनं चोरला काय थो पट्टा?"

आणि मी म्हणाले, "चौकशी चालू आहे, काकू."

तुमच्याकडचा चहा मी संपवला. पोहेही खाल्ले. बस मिळणार नाही म्हणून उठले. बस सहाची होती, तेव्हा चारच वाजले होते.

आचल, आता पुढचं वाचताना थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच.

तो पट्टा काकांनी चोरला नव्हता. मी दिला होता.

जानेवारीतल्या तपासणीत त्याच्या कडेला दोन बोटं लांब चीर सापडली. सळीने कापलेली. मी तो नापास केला. नापास पट्टा तिथेच मधोमध कापून टाकायचा, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाती लागला तरी वापरता येणार नाही, असा नियम आहे. मी कटर घेतला. काका म्हणाले, "अवो मॅडम, कापता काहून? दोन टन उचलत होता थो. माह्या हिरीतल्या मोटरीचं वजन ते काय? दोर पार सडला माहा. साजरी वस्तू कापाची म्हनजे जिवावर येते वो."

माझ्या बाबांच्या उजव्या तळहातावर आडवा पांढरा वण आहे. मी सहावीत असताना विहिरीतून मोटर काढताना जुना दोर तुटला, आणि सुटत्या दोराने हाताची सालटी काढली. महिनाभर त्यांना भाकरी मोडता येत नव्हती, मी भरवत होते. काका बोलले तेव्हा मला तो हात दिसला. वाटलं, सडक्या दोरापेक्षा हे बरं. मी कटर खाली ठेवला आणि म्हणाले, "घरीच वापरा हं, काका. साइटवर आणू नका." ते म्हणाले, "नाही आनत माय."

मग रजिस्टर उघडलं. त्या रकान्यात दोनच शब्द चालतात, "पास" किंवा "नष्ट केला". मी "नष्ट केला" लिहिलं आणि सही केली.

आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांचे अंगठे. पहिली सही माझी. बँकेतून आलेला कागद असो की लग्नाची पत्रिका, बाबा माझ्यापुढे धरतात आणि मी वाचते ते त्यांच्यासाठी खरं असतं. दहावीला फॉर्मवर मी सही केली, तेव्हा तो कागद त्यांनी शेजारच्यांना नेऊन दाखवला होता. तीच सही.

तुमच्याकडून परत आले आणि पाच दिवस जेवण गेलं नाही. सहाव्या दिवशी बाबांना सांगितलं. ते वावरातल्या डवरणीवरून आले होते, हातपाय धूत होते. तांब्या तसाच धरून उभे राहिले. म्हणाले, "कागदावर खोटं लिवता येते, हे मले मालूमच नव्हतं." मी रडले. त्यांनी समजूत घातली नाही. उरलेलं पाणी पायांवर ओतून म्हणाले, "लिवलं तुनं. आता खोडनंही तुलेच हाय. मले तं येत नाही."

परवा शुक्रवारी अकोल्याला जाऊन सरकारी चौकशी अधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. पट्टा मी दिला, नोंद खोटी केली आणि त्या सकाळी सगळे पट्टे मीच उचलून आणले होते, हे तिन्ही लिहून दिलं. कुलदीप सर काय बोलले तेही लिहिलं, पण माझं आधी लिहिलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगायला लावलं का?" मी म्हणाले, "एकीने विचारलं होतं. तेव्हा उत्तर दिलं नाही." त्यांनी ते लिहून घेतलं नाही. काल कंपनीने मला कामावर येऊ नका असं कळवलं. पुढे माझ्यावर केसही होऊ शकते. हे मी तुम्हाला माझी कीव यावी म्हणून लिहीत नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच.

जबाबाची नक्कल सोबत आहे. आचल, ही नक्कल घरात वाचू नकोस. अंगणात माणसं बसलेली असतील तेव्हा मोठ्याने वाच. त्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा माणूस असेल, तर अजूनच बरं.

काकू, तुमच्या विहिरीतली मोटर काढायची असेल, तर त्या सडक्या दोराने काढू नका. बाबांनी नवा दोर घेतला आहे. तो घेऊन ते येत्या रविवारी येतील. तुम्हाला चालत नसेल, तर आचलकडून एक मिस्ड कॉल द्या, ते येणार नाहीत. मी त्यांच्यासोबत येणार नाही. तुम्ही बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तरी बरोबरच आहे.

माफ करा असं शेवटी लिहितात. मी ते तीनदा लिहून खोडलं. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी दहा-बारा दिवस लावले, आणि तेवढे दिवस काका गावात चोर होते. ते दिवस मला परत देता येत नाहीत.

त्या रजिस्टरात केली होती, तीच सही खाली करते आहे. या वेळी वर लिहिलेलं सगळं खरं आहे.

माया पुंजाजी वानखडे